कोर्टहाउसच्या तीन खिडक्या

अमेरिकेत घर घेतलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाला कर्जाचा व्याजदर विचारा, दशांश चिन्हापुढच्या आकड्यांसकट तोंडपाठ असतो. घरावर वर्षाला कर किती जातो, असं विचारलं की नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. कारण बहुतेकांचा हा कर बँकच भरते. कर्जाच्या हप्त्याबरोबर बँक दरमहा थोडी जादा रक्कम घेते, ती वेगळ्या खात्यात साठवते आणि मुदत आली की परस्पर काउंटीला पाठवते. सोय चांगली आहे, पण कराचं बिल घरातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर येतच नाही. जी गोष्ट दिसत नाही तिच्याबद्दल कुणी प्रश्नही विचारत नाही.

आम्ही आयोवात आलो ते माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे. जे-१ व्हिसावर वैद्यकीय शिक्षणासाठी आलेल्या डॉक्टरांना ते संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. पण डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षं काम करायची तयारी असेल, तर ही अट माफ होऊ शकते. 'कॉनराड ३०' या नावाने ही योजना ओळखली जाते आणि प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा मिळतात. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत जे भारतीय डॉक्टर दिसतात, त्यांतले कितीतरी याच वाटेने आलेले असतात. मराठी वाचकाला आयोवा माहीत असतो तो जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरांमुळे. ते याच राज्यात, इंडियानोला आणि एम्स इथे शिकले. आमचं गाव या दोन्ही ठिकाणांपासून लांब, मका आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये. गावाबाहेर दोन एकरांचा तुकडा आणि त्यावरचं जुनं लाकडी घर आम्ही घेतलं. तीन वर्षं संपली तरी आम्ही तिथेच राहिलो.

साताऱ्यात मी सहकारी बँकेत होते. इथे माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे घराचे हिशेब माझ्याकडे आले आणि त्यातूनच हा कर.

पहिलं कोडं घर विकत घेतानाच पुढे आलं. खरेदीच्या दिवशी ज्या कागदांवर सह्या झाल्या, त्यांत विकणाऱ्याने आम्हाला काही हजार डॉलर वळते करून दिल्याची नोंद होती. घर आम्ही घेतोय, मग पैसे तो का देतोय? वकिलांनी समजावून सांगितलं ते असं. आयोवात घराचा कर मागाहून येतो आणि तोही बराच मागाहून. यंदाच्या १ जानेवारीला घराची जी किंमत ठरते, तिच्यावरच्या कराचा पहिला हप्ता पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर आणि दुसरा त्याच्या पुढच्या मार्चअखेर भरायचा असतो. म्हणजे विकणारा घर सोडून जातो तेव्हा तो त्या घरात राहिला त्या काळाचं बिल अजून यायचंच असतं. ते आल्यावर भरणार आम्ही, म्हणून त्याने आपला वाटा आधीच देऊन टाकायचा. सगळी पद्धत समजायला हा एकच व्यवहार पुरेसा होता. आज हातात आलेल्या बिलावर आज वाद घालून उपयोग नसतो, कारण त्याचे निर्णय वर्षा-दीड वर्षापूर्वी झालेले असतात.

मग मी काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये गेले. गावाच्या मधोमध चौक, चौकाच्या मधोमध दगडी इमारत. आत वेगवेगळी कार्यालयं आणि प्रत्येकाची वेगळी खिडकी. असेसर घराची किंमत ठरवतो. ऑडिटर सगळ्या संस्थांची अंदाजपत्रकं एकत्र करून कराचा दर काढतो. निवडणुका घेण्याचं कामही त्याच्याकडेच असतं. ट्रेझरर पैसे घेतो, आणि त्याच्याच खिडकीवर गाडीची नंबर प्लेटही मिळते. ऑडिटर आणि ट्रेझरर लोकांनी निवडून दिलेले असतात. असेसर मात्र निवडून येत नाही. काउंटीचा कारभार पाहणारे सुपरवायझर, गावांचे महापौर आणि शाळा मंडळांचे प्रतिनिधी मिळून त्याची सहा वर्षांसाठी नेमणूक करतात.

ही विभागणी नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सप्टेंबरमध्ये लोक चिडून येतात ते ट्रेझररच्या खिडकीशी, आणि तिथे बसलेल्या बाईच्या हातात काहीच नसतं. बिलावरचा एक आकडासुद्धा तिने ठरवलेला नसतो. पैसे घ्यायचे, पावती द्यायची, मुदत टळली तर महिन्याला दीड टक्का व्याज लावायचं, एवढंच तिचं काम. किंमत पटत नसेल तर असेसरकडे जायचं आणि तेही एप्रिलमध्ये. दर पटत नसेल तर अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्यांकडे, त्या आधी मार्चमध्ये.

बिलाची प्रत मी मागून घेतली. ती कुणालाही मिळते. स्वतःचीच काय, शेजाऱ्याची, सुपरवायझरची, कुणाचीही. इथे घराची किंमत आणि कर ही सार्वजनिक माहिती आहे. बिलाच्या मागे पैसे कुठे कुठे जातात त्याची यादी होती आणि ती वाचताना मी अक्षरशः थक्क झाले. शाळा, काउंटीचा सर्वसाधारण निधी, ग्रामीण सेवांचा निधी, कम्युनिटी कॉलेज, टाउनशिपची अग्निशमन सेवा, असेसरचं कार्यालय, शेतीविस्तार सेवा आणि काउंटीचं रुग्णालय. माझा नवरा जिथे काम करतो तेच रुग्णालय! आयोवात काउंटीच्या मालकीची सार्वजनिक रुग्णालयं आहेत. त्यांचे विश्वस्त लोक निवडून देतात आणि कायद्याने घातलेल्या मर्यादेत काही रक्कम घरांवरच्या करातून घेता येते. आमच्या घरात येणाऱ्या पगारात शेजारच्या शेतकऱ्याच्या घराचा कर होता आणि आमच्याही घराचा. त्या यादीच्या तळाशी गुरांच्या ब्रुसेलोसिस आणि क्षयरोगाच्या निर्मूलनासाठी एक ओळ होती. रक्कम इतकी लहान की आमच्या वाट्याला काही सेंट आले होते. पण गुराढोरांवर उभ्या असलेल्या या राज्यात प्रत्येक घराने, शहरातल्या फ्लॅटनेसुद्धा, तेवढा वाटा उचलायचा होता.

साताऱ्याजवळच्या आमच्या गावाची घरपट्टी मला लहानपणापासून माहीत होती. ग्रामपंचायतीचा शिपाई पावतीपुस्तक घेऊन दारात यायचा. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, पाणीपट्टी असं सगळं मिळून वडील पैसे द्यायचे. नमुना आठचा उतारा हवा असेल तर आधी थकबाकी भरायला लागायची. ती रक्कम आणि हा इथला कर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक का, हे ही यादी वाचल्यावर कळलं. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून येतो, घरपट्टीतून नाही. इथे शाळेचा मोठा भार राज्य उचलत असलं तरी उरलेला घरांवर, दुकानांवर आणि जमिनींवर पडतो. शाळेच्या मूळ खर्चासाठी राज्यभर एकच दर आहे, करपात्र किमतीच्या दर हजार डॉलरला ५ डॉलर ४० सेंट. त्यावर इमारती, बस, विमा, जुनी कर्जं यांचे दर वेगळे चढतात. शाळेची नवी इमारत बांधायला मोठं कर्ज काढायचं तर साठ टक्के मतदारांचा होकार लागतो. आमच्या बिलात सर्वांत मोठा वाटा शाळेचा होता. माझी मुलगी त्याच शाळेत शिकत होती, आणि तो पैसा देताना मला कधीही जड वाटलं नाही.

आता हिशेब. मी बँकेत काम केलेली बाई, आकड्यांशिवाय माझं समाधान होत नाही. २०२१ च्या १ जानेवारीला आमच्या घराची किंमत २ लाख डॉलर धरली होती. कर मात्र २ लाखांवर लागत नाही. आयोवात रोलबॅक नावाची सूट आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस महागाईने घरांच्या किमती झपाट्याने वाढल्या तेव्हा लोकांवर एकदम बोजा पडू नये म्हणून ती आली. राज्यातल्या सगळ्या घरांची मिळून करपात्र किंमत वर्षाला ३ टक्क्यांपेक्षा जास्त वाढू द्यायची नाही, असा तिचा नियम. नवं बांधकाम त्यात धरत नाहीत. शेतजमिनीची करपात्र किंमत त्याहून कमी वाढली तर घरांनाही तेवढीच वाढ. हे साधण्यासाठी राज्याचा महसूल विभाग दरवर्षी एक टक्केवारी जाहीर करतो. २०२१ च्या मूल्यांकनासाठी ती ५४.१३०२ होती. म्हणजे २ लाखांपैकी करपात्र किंमत साधारण १,०८,२६०. सगळ्या संस्थांचे दर मिळून हजारी २४ डॉलर धरले तर कर येतो २,५९८ डॉलर. त्यातून स्वतः राहत्या घराची सवलत वजा होते. ती म्हणजे पहिल्या ४,८५० डॉलर किमतीवरचा कर, सुमारे ११६ डॉलर. उरले २,४८२. ते दोन हप्त्यांत भरायचे, सप्टेंबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये.

राहत्या घराची ही सवलत आपोआप मिळत नाही. असेसरच्या कार्यालयात एक पानी अर्ज द्यावा लागतो. तो एकदा दिला की पुन्हा दरवर्षी द्यावा लागत नाही. इथे घर घेणाऱ्या मराठी मंडळींना मी अभिनंदनाच्या आधी हेच विचारते, अर्ज दिला का? निम्म्यांनी तरी दिलेला नसतो.

मग २०२३ साल आलं. आयोवात दर विषम वर्षी घरांचं फेरमूल्यांकन होतं. त्या वर्षी वसंतात ज्या नोटिसा आल्या, त्यांनी सगळी काउंटी हादरली. आमच्या नोटिशीवर २ लाखांचे २ लाख ५८ हजार झाले होते. पेट्रोल पंपावर, चर्चच्या बाहेर, किराण्याच्या दुकानात लोकांच्या तोंडी तोच विषय. आपला करही तेवढ्याच पटीने वाढणार, असं जवळजवळ सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

एवढी उडी का, हे मी असेसरच्या कार्यालयात विचारलं. खेड्यातल्या काउंटीत वर्षभरात मोजकीच घरं विकली जातात. त्या थोड्या विक्र्यांवरून बाकीच्या शेकडो घरांची किंमत ठरवायची असते. त्यात करोनानंतर विकली गेलेली घरं बरीच चढ्या भावाने गेली. कागदावरची किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत ५ टक्क्यांहून जास्त तफावत राहिली तर राज्य सरकार त्या काउंटीतल्या सगळ्या घरांची किंमत एका फटक्यात वर न्यायचा आदेश काढू शकतं. म्हणून असेसरलाच आधी किमती वाढवाव्या लागतात. हे स्पष्टीकरण मला पटलं.

पण आमच्या घराचा आकडा पटला नाही. प्रत्येक घराचं एक कार्ड असतं. त्यावर घराचा आराखडा, क्षेत्रफळ, बांधल्याचं साल, खोल्या, तळघर, शेड, बांधकामाचा दर्जा अशा नोंदी असतात आणि किंमत त्या नोंदींवरून निघते. आमच्या कार्डावर तळघर फरशी, भिंती, छत करून राहण्याजोगं केलेलं आहे असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात तिथे उघडं काँक्रीट होतं आणि पावसाळ्यात भिंतींना ओल यायची. शिवाय जुन्या मालकाने पाडलेली एक शेड कागदावर अजून उभी होती. किमतीबद्दल २ ते २५ एप्रिलच्या दरम्यान असेसरशी अनौपचारिक बोलता येतं. रीतसर तक्रार ३० एप्रिलपर्यंत करता येते. ती पुनरीक्षण मंडळापुढे मे महिन्यात जाते. काउंटीच्या या मंडळावर किमान एक शेतकरी असावा लागतो, आणि शक्यतो घरं विकण्याचा परवाना असलेला एक जण आणि बांधकामाची जाण असलेला एक जणही असावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. हे वाचून मला बरं वाटलं होतं. ज्यांना घर आणि जमीन कळते अशा माणसांपुढे बोलायचं तर भीती कशाला वाटायची?

मंडळापर्यंत जायची वेळच आली नाही. तळघराचे आणि शेडच्या मोकळ्या जागेचे फोटो मी घेऊन गेले. दोन दिवसांनी कार्यालयातला माणूस टेप घेऊन घरी आला, तळघरात उतरला, नोंदी केल्या, आणि किंमत २ लाख ४६ हजारांवर आली. कार्डावरची चूक दाखवली की बहुतेक वेळा ती तिथेच दुरुस्त होते. 'कर फार होतो' हे कारण मात्र तिथे चालत नाही, कारण कर त्या खिडकीवर ठरतच नाही. शेजारच्या तसल्याच घरापेक्षा किंमत जास्त लावली आहे, बाजारभावापेक्षा जास्त लावली आहे, किंवा नोंदीत चूक आहे, असं काहीतरी दाखवावं लागतं.

आणि त्या वर्षीच्या हादऱ्याचं पुढे काय झालं, तेही सांगते. आधीच्या वर्षीचा रोलबॅक आधी ५६.४९१९ टक्के जाहीर झाला होता. त्याच्या गणितात चूक आहे असं लक्षात आल्यावर विधिमंडळाने २०२३ च्या सुरुवातीला कायदा करून तो ५४.६५०१ वर आणला. म्हणजे आमची आधीची करपात्र किंमत होती १,०९,३००. किमती राज्यभर उसळल्यामुळे नव्या वर्षाचा रोलबॅक ४६.३४२८ पर्यंत खाली आला. २ लाख ४६ हजारांवर तो लावला की करपात्र किंमत येते १,१४,००३. घराची किंमत २३ टक्के वाढली, करपात्र किंमत वाढली ४ टक्क्यांच्या आसपास. हा हिशेब मी एका कागदावर मांडून शेजारच्या आजींना दाखवला. नोटीस आल्यापासून त्या घर विकायची भाषा करत होत्या.

आजींसाठी आणखीही वाटा होत्या. पासष्टच्या पुढच्या घरमालकांना २०२३ च्या कायद्याने जादा सूट दिली. उत्पन्न कमी असेल तर वृद्धांसाठी वेगळी सवलत आहे आणि २०२१ च्या कायद्याने सत्तर वर्षांपुढच्यांसाठी तिची उत्पन्नमर्यादा वाढवली. सत्तरपुढच्यांचा अर्ज ट्रेझररकडे १ जूनपर्यंत द्यायचा. आजींना यातलं काहीही माहीत नव्हतं. नवरा गेल्यापासून टपालाने आलेलं कुठलंही सरकारी पाकीट त्या उघडायला घाबरत. मी त्यांच्याबरोबर कोर्टहाउसमध्ये गेले, खिडकीवरच्या मुलीने समोर बसवून दोन्ही अर्ज भरून घेतले.

घाबरण्याजोगं काही नाही असंही नाही. कर थकला तर जूनच्या तिसऱ्या सोमवारी कोर्टहाउसमध्ये थकबाकीचा लिलाव होतो. गुंतवणूकदार थकलेला कर भरून टाकतात, आणि मग घरमालकाला ती रक्कम महिन्याला २ टक्के व्याजाने फेडावी लागते. मुदतीत फेडता आली नाही तर घरच हातचं जाऊ शकतं. शेजारच्या मिनेसोटा राज्यात जेराल्डिन टायलर नावाच्या वृद्ध बाईंचं घर थकलेल्या करापायी गेलं. व्याज-दंडासकट देणं सुमारे १५ हजार डॉलरचं होतं, घर ४० हजारांना विकलं गेलं आणि वरचे पैसे काउंटीने ठेवून घेतले. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की असं करता येणार नाही. तेव्हा त्या ९४ वर्षांच्या होत्या. त्या वयाच्या बाईला स्वतःच्या घराच्या पैशांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, याचा मला आजही संताप येतो.

शेतजमिनीचा हिशेब वेगळा आहे आणि गावात त्यावरून कुरबूर चालते. २०२२ च्या पाहणीत आयोवातल्या शेतजमिनीचा सरासरी भाव एकरी ११,४११ डॉलर होता. पण जमिनीवरचा कर बाजारभावावर लागत नाही, ती किती पिकवते त्यावर लागतो. त्यासाठी पीक, भाव आणि खर्च यांची पाच वर्षांची सरासरी धरतात. शेतकऱ्याचं राहतं घर मात्र इतर घरांसारखंच मोजलं जातं. शेतकरी म्हणतात, जमीन आम्ही विकायला ठेवलेली नाही. गावातले म्हणतात, मग आमचंही घर विकायला ठेवलेलं नाही. माझं मत शेतकऱ्यांकडे झुकतं. शेतकऱ्याच्या घरात वाढले म्हणून असेल, पण पिकाचा भाव पडला की वर्षाचं गणित कसं कोलमडतं ते मी जवळून पाहिलं आहे.

हे सगळं कळल्यावर माझ्या लक्षात आलं की खरा निर्णय या तीन खिडक्यांवर होतच नाही. किंमत काहीही असो, किती पैसे गोळा करायचे हे अंदाजपत्रकात ठरतं. ते काउंटीचे सुपरवायझर वरच्या मजल्यावरच्या खोलीत मार्च-एप्रिलमध्ये मंजूर करतात आणि त्याआधी जाहीर सुनावणी घ्यावी लागते. शाळा मंडळाची सुनावणी वेगळी, गावाची वेगळी. या सुनावणीत काउंटीतला कुठलाही रहिवासी किंवा करदाता बोलू शकतो.

रहिवासी किंवा करदाता. नागरिक नव्हे. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे ते वेगळं सांगायला नको. आम्ही कर भरतो, मुलं शाळेत जातात, नवरा रात्री-अपरात्री गावकऱ्यांवर उपचार करायला धावतो, आणि मतदानाच्या दिवशी आम्ही घरी बसतो. त्याचं दुःख मला सर्वांत जास्त झालं ते रुग्णवाहिकेच्या मतदानाच्या वेळी. आयोवात पोलीस आणि अग्निशमन या अत्यावश्यक सेवा मानल्या जात, रुग्णवाहिका नाही. ती बहुतेक खेड्यांत स्वयंसेवकांच्या जिवावर चालायची. २०२१ च्या कायद्याने काउंट्यांना तिला अत्यावश्यक ठरवून हजारी ७५ सेंटपर्यंत कर लावायची मुभा दिली, पण साठ टक्के मतदारांची संमती हवी. आमच्यासारख्या घराला तो वर्षाला ८२ डॉलर पडला असता. रुग्णवाहिका वीस मिनिटं उशिरा पोचली की काय होतं ते माझा नवरा पुन्हा पुन्हा बघत आला आहे. मतं मोजली गेली, बहुमत मिळालं, साठ टक्के मिळाले नाहीत. आम्हाला त्यात मतच नव्हतं.

पुढच्या मार्चमध्ये मी सुनावणीला गेले. लांबट टेबलाशी तीन सुपरवायझर, बाजूला ऑडिटर, गावच्या साप्ताहिकाची बातमीदार आणि मोजकी माणसं. कोट्यवधी डॉलरच्या अंदाजपत्रकासाठी एवढीच! आमच्या गावची ग्रामसभा आठवली. कोरम भरावा म्हणून माझे वडील घरोघरी जाऊन माणसं बोलवायचे. इथे बोलवायला कुणी गेलं नव्हतं. आमच्या रस्त्यावरच्या पुलाला वजनाची मर्यादा घातलेली होती, त्यामुळे शाळेच्या बसला मोठा वळसा पडत होता आणि रुग्णवाहिकेलाही. आयोवात मोडकळीला आलेल्या पुलांची संख्या फार मोठी आहे आणि त्यांतले बहुतेक काउंट्यांच्या ताब्यातले आहेत. मी उभं राहून नाव-पत्ता सांगितला आणि विचारलं, हा पूल कधी? ग्रामीण सेवांच्या निधीतून रस्त्यांसाठी किती जातात? आणि रुग्णवाहिकेचा कर लोकांनी पुरेशा मतांनी मान्य केला नाही, तर दुसरी तरतूद काय?

मला वाटलं होतं ऐकून घेतील आणि पुढे जातील. तसं झालं नाही. रस्त्यांच्या इंजिनिअरला खालून बोलावलं गेलं. काउंटीचा पाच वर्षांचा बांधकाम आराखडा असतो, तो त्याने टेबलावर पसरला. आमचा पूल चौथ्या वर्षात होता. बसच्या वळशाची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली नव्हती, ती त्याने लिहून घेतली. पुढच्या आराखड्यात पूल दुसऱ्या वर्षात आला. रुग्णवाहिकेच्या प्रश्नावर एका सुपरवायझरने सरळ सांगितलं, पुन्हा मतदान घ्यावं लागेल, आणि त्याआधी लोकांना समजावायला तुमच्या डॉक्टरांनी पुढे यायला हवं. माझा नवरा त्यानंतर टाउनशिपांच्या बैठकांना जाऊन बोलला. मत त्याला नाही, पण ज्यांना आहे ते त्याचं ऐकतात, कारण त्यांची आई त्याच्या उपचारांनी बरी झालेली असते.

मराठी मंडळी या देशात आता फक्त मोठ्या शहरांत राहत नाहीत. डॉक्टर आहेत, मक्याच्या आणि बियाण्यांच्या कंपन्यांतले संशोधक आहेत, कारखान्यांतले इंजिनिअर आहेत. राज्य बदललं की नियम बदलतात, म्हणून आपापल्या काउंटीचे नियम तिथल्या कोर्टहाउसमध्ये विचारून घ्या. कार्ड मागा आणि ते हातात घेऊन घरभर फिरा. आयोवात असाल तर आणखी एक करा. २०२४ पासून काउंटी ऑडिटर दर मार्चमध्ये, २० तारखेपर्यंत, प्रत्येक मालमत्ताधारकाला टपालाने एक कागद पाठवतो. त्यावर शाळा, गाव आणि काउंटी यांनी सुचवलेले दर असतात आणि तिघांच्याही सुनावण्यांची तारीख, वेळ, जागा छापलेली असते. बँक तुमचा कर भरत असली तरी हा कागद तुमच्याच नावाने येतो. जाहिरातींच्या ढिगाबरोबर तो टाकून देऊ नका. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ती तारीख लिहून ठेवा आणि त्या संध्याकाळी जाऊन बोला. तिथे कुणी पासपोर्ट मागत नाही.